स्लोला बंद पडणारी गाडी

निंबाळवाडीच्या दूध संस्थेत निवडणूक दर पाच वर्षांनी होत असे, मतदान मात्र कधी होत नसे. जेवढ्या संचालकांच्या जागा, तेवढेच अर्ज येत. वाशी या तालुक्याच्या गावच्या सहकार कार्यालयातले अधिकारी ते तपासत आणि सगळे बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर करत. मग संचालक एकत्र बसून चेअरमन निवडत, म्हणजे बब्रुवान उंद्रे यांना हार घालत. गावात आता त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्यांना चेअरमनच म्हणत.

हे एकमत आपोआप होत नव्हतं. निवडणूक लागली की चेअरमन रोज दिवेलागणीच्या आधी मोटारसायकल काढत आणि दारोदार जात. त्या वेळी सभासद हमखास घरी सापडतात, कारण ती धार काढायची वेळ असते. चेअरमन गाडीवरून उतरत नसत. गाडी जुनी, किकची, आणि स्लोला बंद पडणारी. मूठ सोडली की इंजिन दोन आचके देऊन थांबायचं. गुडघ्याच्या दुखण्यामुळे चेअरमनना पुन्हा किक मारणं जमत नसे. म्हणून कोणी तरी कधी तरी स्लोचा स्क्रू पार आत पिळून ठेवला होता, म्हणजे गाडी उभी असतानाही इंजिन ओरडत राही. वर चेअरमन मूठही पिळत राहत. त्या आवाजात ते आपलं म्हणणं मांडत, "यंदा बी तसंच करू, हरकत न्हाय ना?" असं विचारत, घरातली माणसं मान हलवत, आणि चेअरमन पुढच्या दाराला जात. संस्थेची लोकशाही अशी दोन-तीन संध्याकाळींत आटोपत असे.

या खेपेला अडचण आणली ती दिग्विजयने. दिग्विजय हा चेअरमनचा पुतण्या. पुण्यात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करून तो परत आला होता आणि काकांच्या प्रचाराची जबाबदारी त्याने न मागता घेतली होती. पहिल्या संध्याकाळी त्याने दोन दारांवरचा व्हिडिओ काढला. चेअरमन बोलत आहेत, सभासद मान हलवत आहेत, असा तो सगळ्यांच्या स्टेटसला फिरवायचा त्याचा बेत होता. घरी येऊन त्याने तो काकांना दाखवला.

"काका, तुमचा शब्द ऐकू येईना. नुसता मिक्सर लावल्यागत आवाज यायलाय."

"माणसं मुंडी हलवायलीत, ते दिसंना का तुला?"

"दिसतंय. पण कशावर हलवायलीत, ते ऐकू यायला नको का?"

चेअरमनना हे पटलं. त्यांचं बोलणं इतकी वर्षं वाया गेलं, याचं त्यांना वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते वाशीला खाजामियाँकडे गेले.

खाजामियाँचं गॅरेज स्टँडच्या मागे आहे. आताच्या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. त्यांना स्क्रू नसतो आणि त्या गाड्यांना हात लावायला खाजामियाँना आवडत नाही. कार्बोरेटरची गाडी आली की मात्र ते बाकीची कामं बाजूला सारतात. आपल्या कानाबद्दल त्यांना अभिमान आहे आणि तो ते झाकून ठेवत नाहीत.

"आवो चेअरमन. तुमची गाडी फाट्यावर आली तवाच मी चहा सांगून टाकला. एवढा आवाज करते, की वाशीत तहसीलदार आला तरी कळत न्हाई, तुमी आलाव की कळतं."

"मियाँ, गाडी गप करायची."

"म्हंजे बंद?"

"बंद न्हाय. चालू ऱ्हायली पाहिजे, पण गप ऱ्हायली पाहिजे."

"घरवालीबद्दल बी लोक हेच मागतात," खाजामियाँ म्हणाले. "माझ्याकडं फक्त गाडीचं होतं."

त्यांनी कार्बोरेटर उतरवला. खालची वाटी उघडली तर तळाशी गाळ बसलेला होता. स्लोच्या जेटचं भोक केसाएवढं असतं, ते पूर्ण बुजलं होतं. खाजामियाँनी ते पेट्रोलने धुतलं, हवा मारली, उजेडाकडे धरून पाहिलं आणि परत धुतलं. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधलं रबर चिरलं होतं, तिथून हवा आत ओढली जात होती. ते बदललं. मग गाडी जोडून ते स्वतः एक चक्कर मारून आले, कारण थंड इंजिनवर केलेलं सेटिंग गरम झाल्यावर टिकत नाही.

त्यानंतर कानाचं काम सुरू झालं. त्यांनी हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद केला आणि थोडा थोडा उघडत नेला. इंजिनाचा आवाज आधी घोगरा होता, मग मोकळा होत गेला, एका जागी सगळ्यांत चढला आणि पुढे परत लटपटू लागला. खाजामियाँ जिथे आवाज चढला होता तिथे परत आले. मग स्लोचा स्क्रू मागे घेतला. आवाज उतरला. परत हवेचा स्क्रू किंचित, परत स्लो किंचित. त्या वेळात शेजारच्या टपरीवाल्याने काही विचारलं, तर त्यांनी हातानेच त्याला थांबवलं. शेवटी मूठ पिळून एकदम सोडली. इंजिन चढलं, उतरलं, आणि न आचकता आपल्या जागी येऊन संथ चालत राहिलं.

"आता बघा," म्हणून त्यांनी चहाने भरलेली बशी सीटवर ठेवली. गाडी चालू होती. चहाला कडेने बारीक थरथर होती, पण थेंब सांडला नाही. खाजामियाँनी ती बशी उचलून पिऊन टाकली. त्यांच्याकडे काम पूर्ण झाल्याची खूण हीच.

त्या संध्याकाळी चेअरमन नव्या उत्साहाने निघाले. मागे दिग्विजय मोबाईल धरून बसला होता. पहिलं दार नागप्पाचं. नागप्पा हा संस्थेचा जुना सभासद, घरी दोन म्हशी. तो धार काढत होता. चेअरमननी गाडी उभी केली, मूठ सोडली, गाडी पुटपुटत राहिली.

"नागप्पा, यंदा बी तसंच करू. हरकत न्हाय ना?"

नागप्पाने मान हलवली नाही. बादलीत धारा पडत राहिल्या आणि तो त्यांच्या तालावर बोलू लागला.

"बरं झालं आलाव, चेअरमन. फॅटच्या मशीनचं काय झालं? दिवाळीपासून बंद हाय. तुमचा माणूस दुधाकडं बघतो अन् आकडा सांगतो. माझ्या म्हशीकडं न बघता सांगतो, येवढीच मेहेरबानी."

"बघू की, नागप्पा."

"बघू म्हणू नका. तुमी बघू म्हणलाव की मशीन आणखी बिघडती."

दुसरं दार शेजारच्या म्हाताऱ्या नागूबाईचं. मागच्या वार्षिक सभेत लाडू वाटले, ते पुरुषांच्या रांगेतच संपले आणि बायकांना नुसत्या द्रोणांवर भागवावं लागलं, ही गोष्ट तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. ती संपेपर्यंत गाडी एकदाही बंद पडायला आली नाही, त्यामुळे चेअरमनना निघायचं निमित्त मिळालं नाही.

तिसरं दार गजराबाईंचं. गजराबाई चाळिशीच्या, विधवा, तीन म्हशी सांभाळून दुसऱ्याच्या रानात कामालाही जाणाऱ्या. त्यांनी चेअरमनचं वाक्य पूर्ण ऐकून घेतलं.

"हरकत हाय," त्या म्हणाल्या.

चेअरमनना हा शब्द या संदर्भात नवीन होता. "काय हाय?"

"हरकत. संस्थेचं शटर दिवस मावळायच्या आत पडतं. आमी रानातनं येणार कवा, धार काढणार कवा अन् दूध आणणार कवा? अर्ध्या आळीतल्या बायका शटर वाजवून माघारी येतात. मग ते दूध आटवत बसा घरी. तासभर उशिरा बंद करायला काय जातं?"

"आजवर बोलली न्हाईस ती?"

"आज बोलायली. अन् यंदा मी बी अर्ज भरणार. बायकांच्या राखीव जागेवर न्हाय, तुमच्याच जागेवर. मतदान हुंद्या एकदा."

घरी येऊन दिग्विजयने व्हिडिओ लावला. शब्दन् शब्द स्वच्छ आला होता. बादलीत पडणारी धारसुद्धा ऐकू येत होती. त्याने तो कुठल्याही स्टेटसला टाकला नाही.

गजराबाईंनी खरोखरच अर्ज भरला. आता जागेपेक्षा एक अर्ज जास्त झाला. म्हणजे पेटी, चिठ्ठ्या, मोजणी, आणि संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदा एक पराभूत उमेदवार. तो कोण असेल हे आधी सांगता येत नाही, ही मतदानाची गैरसोय चेअरमनना फार लागली. बिनविरोध या शब्दावरच त्यांची आजवरची प्रतिष्ठा उभी होती. सोयरीक असो की बांधाचं भांडण, त्यांना बोलावताना लोक म्हणत, अख्खं गाव ज्यांच्या शब्दाबाहेर नाही ते चेअरमन. पेटी उघडल्यावर असं कोणी म्हणणार नव्हतं.

त्यांनी शांतपणे विचार केला. गाव तेच, घरं तीच, माणसं तीच. वेळ तीच, वाक्यही तेच. आदल्या खेपेपर्यंत सगळे मान हलवत होते, आता हरकती घेत आहेत. मधे बदललं काय? फक्त गाडी. विचारात कुठे खोट नव्हती. ते तडक वाशीला गेले.

"मियाँ, माझं गाव फोडलंस तू."

खाजामियाँ चरकले. "गाडी मिसिंग मारते?"

"न्हाय."

"स्लोला बंद पडते? गरम झाल्यावर?"

"एकदा बी न्हाय पडली."

"मग तक्रार काय, चेअरमन?"

"माणसं बोलायलीत. आधी होतं तसं करून दे."

खाजामियाँनी पाना खाली ठेवला. "बिघडलेली गाडी नीट करायची, हे काम मला येतं. नीट गाडी बिघडवायची कशी, ते उस्तादानं शिकवलं न्हाई. आधी स्क्रू कुठं होता ते बी मला आठवत न्हाई. वाईट सेटिंग कोण ध्यानात ठेवतं?"

पण चेअरमन हटेनात, आणि जुनं गिऱ्हाईक तोडणंही बरं नव्हतं. खाजामियाँनी नव्या रबराची पट्टी ढिली केली, म्हणजे हवा चोरून आत जाईल, आणि स्लोचा स्क्रू आत पिळला. काम मिनिटाचं होतं. गाडी पूर्वीपेक्षाही जोरात ओरडू लागली, मधेच फटाका उडाल्यासारखा ठोका मारू लागली. समोरच्या टपरीतल्या माणसांनी वळून पाहिलं.

"कुणी विचारलं तर ह्या गाडीला माझं नाव सांगू नका," खाजामियाँ म्हणाले. त्यांनी या वेळी चहा सांगितला नाही.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी चेअरमननी दुसरी फेरी काढली. निकाल नागप्पाच्या दारातच दिसला. त्याने चेअरमनचा प्रश्न यायच्या आत मान हलवली. दोनदा हलवली आणि हाताने पुढचं दारही दाखवलं. नागूबाई ओट्यावरूनच "व्हय व्हय" करत होती. फॅटचं मशीन, लाडू, यातलं एक अक्षर निघालं नाही. चेअरमनचा चेहरा उजळला. त्यांनी मागे वळून दिग्विजयला ओरडून सांगितलं, "बघितलंस? गाडीच होती!"

गजराबाई अंगणात मोठ्या म्हशीखाली बसल्या होत्या. चेअरमननी गाडी थेट गोठ्याच्या तोंडाशी लावली.

"गजराबाई, उद्याचा शेवटचा दिस. अर्ज काढून घे. गावाचं एकमत मोडू नको. पुढल्या खेपेला तुला घेऊ."

गजराबाईंनी मान हलवली.

इथे निघायला हवं होतं. इतकी वर्षं ते एका होकारावर निघत आले होते. पण या होकाराची किंमत त्यांना जास्त वाटत होती, म्हणून त्यांनी तो परत मागितला. "नक्की ना?" गजराबाईंनी परत मान हलवली, जरा घाईने. आता चेअरमननी दिग्विजयला मोबाईल जवळ आणायला सांगितलं. "जरा तोंडानं सांग. दिसलं पाहिजे सगळ्यांला." आणि गाडी बंद पडू नये म्हणून त्यांनी मूठ पिळली. ठोका उडाला. म्हशीने पाय झाडला, बादली कलंडली आणि होतं तेवढं दूध शेणात गेलं.

गजराबाई उठल्या. पदराला हात पुसत गाडीजवळ आल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली.

एवढी शांतता चेअरमनच्या प्रचारात आजवर कधी झाली नव्हती.

"आता बोला, चेअरमन."

"तू तर व्हय म्हणलीस."

"मुंडी हलवली. म्हस पान्हा चोरायली व्हती. ही गाडी दारात भुंकायली तवर ती थेंब सोडत न्हाय. तुमी गेल्याबिगर धार व्हत न्हाय. मग तुमी काय बी विचारा, व्हय म्हणायचं अन् तुमाला वाटंला लावायचं. सगळी आळी हेच करती."

चेअरमन गाडीवरच बसून होते. "मागल्या खेपेला बी?"

"मागल्या खेपेला बी."

"अन् त्याच्या आदी?"

"त्याच्या आदी माझी सासू धार काढायची. मी नवीन लगीन होऊन आले तवा तिनंच शिकवलं. म्हणाली, चेअरमन आला की आधी मुंडी हलवायची, मग बादली धरायची."

दिग्विजयने मोबाईल खाली घेतला, पण बंद करायचं त्याला सुचलं नाही.

"म्हंजे," चेअरमन सावकाश म्हणाले, "मला म्हशींनी निवडून दिलं."

"म्हशींनी कुठलं? त्या तर पयल्यापासनं इरोधात हायत."

चेअरमननी किक मारली. गुडघ्यातून कळ आली, गाडीतून काही आलं नाही. हवा चोरणारी गाडी गरम असताना लवकर लागत नाही. दिग्विजयने उतरून किक मारल्या आणि घामाघूम होऊन सोडून दिलं. गाडीचा आवाज अचानक थांबलेला ऐकून आळीतली माणसं एकेक करून आली. चेअरमनना काही झालं की काय, अशी शंका त्यांना आली होती. गजराबाईंनी बाज पुढे ओढली. चेअरमन पहिल्यांदाच त्या अंगणात खाली बसले. म्हशीने आतापर्यंत पान्हा घातला होता आणि गजराबाई पाठमोऱ्या होऊन धार काढत होत्या.

"नागप्पा," चेअरमननी विचारलं, "खरं सांग. मतदान झालं तर तू कुणाकडं?"

नागप्पाने टोपी काढून परत घातली. "तुमचा मान हायच की, चेअरमन."

"मानाचं न्हाय इचारलं."

"गुडघा कसा हाय आता?"

त्यांनी नागूबाईला विचारलं. ती म्हणाली, तुमचा मान मोठा. आणखी दोघांना विचारलं. मान सगळ्यांनी दिला. मताचं नाव कोणी काढलं नाही. चेअरमन हिशेबी माणूस होते, त्यांना एवढं पुरलं.

तरी एक शेवटचा प्रयत्न त्यांनी केला. "गजराबाई, शटर तासभर उशिरा बंद केलं तर?"

"करा की."

"मग अर्ज काढशील?"

"शटर तुमी करा, अर्ज ऱ्हाऊ द्या. तुमी आलाव तर तुमी करा, मी आले तर मी करीन. दोन्हीतनं शटर उघडंच ऱ्हातंय."

दिग्विजयने गाडी ढकलत घरी नेली. चेअरमन मागून चालत गेले. वाटेत जी माणसं भेटली त्यांनी रामराम केला. गाडीवरून जाताना हे रामराम त्यांना कधी ऐकू आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते एसटीने वाशीला गेले. कार्यालयात त्यांनी अधिकाऱ्यांना विचारलं, "एक अर्ज निघाला तर मतदान होईल का?"

"नाही. जागा तेवढेच अर्ज राहतील."

"म्हंजे बिनविरोध."

"बिनविरोध."

"कुणाचा बी निघाला तरी?"

"कुणाचाही."

चेअरमननी चष्मा लावला, कागद मागितला आणि स्वतःचा अर्ज मागे घेतला. दिग्विजय शेजारी उभा होता. त्याला आधी वाटलं काका चुकीच्या जागी सही करतायत.

"काका, तुमचाच?"

"गावाची परंपरा हाय. ती माझ्यापायी मोडायला नको."

संचालकांच्या पहिल्या सभेत गजराबाईंना चेअरमन करण्यात आलं. बाकीचे संचालक बब्रुवान यांनीच ठरवलेले होते, पण त्यातल्या कोणालाही स्वतःचं नाव सुचवायची सवय नव्हती, आणि गजराबाईंना होती.

त्या संध्याकाळी बब्रुवान यांनी वाशीच्या वार्ताहराला फोन लावला. वार्ताहराने बातमी वाचून दाखवली. त्यात माघार हा शब्द होता. तो त्यांनी काढायला लावला आणि तिथे एकोपा घालायला सांगितला. वार्ताहराची हरकत नव्हती, दोन्ही शब्द तेवढ्याच जागेत मावत होते.

"नव्या चेअरमनबद्दल काही लिहू का?" त्याने विचारलं.

"लिहा की. खाली लिहा."

बातमी तशीच आली. गावाच्या एकोप्यासाठी बब्रुवान उंद्रे यांचा पुढाकार, दूध संस्था यंदाही बिनविरोध. फोटो त्यांचा होता. नव्या चेअरमनचं नाव शेवटच्या ओळीत होतं आणि बरोबर छापलं होतं. शटर आता दिवस मावळल्यावर तासभर उघडं असतं. त्याची बातमी झाली नाही.